चंद्रभान दातवाल्याची राळ

चंद्रभान हैदराबादेत एका दातांच्या डॉक्टरकडे झाडू मारायचा. निजामाचं राज्य गेलं, त्या गडबडीत तो ताडकळसला परतला आणि परतला तो डॉक्टर होऊनच. अशी बढती तेव्हा बऱ्याच जणांना मिळाली. निजामाच्या काळी रुमी टोपीत मिरवणारे गावचे पुढारी व्यंकटराव एका रात्रीत गांधी टोपीत शिरले, त्यांना कुणी विचारलं नाही. मग चंद्रभानला कोण विचारणार?

बाजाराच्या दिवशी तो लिंबाखाली पोतं अंथरून बसे. दात कमी आणि धूळच जास्त गिऱ्हाइकाच्या तोंडात जाई. त्याचा जीव अडकला होता चावडीजवळच्या छपराच्या ओट्यात. ओटा कुणाला द्यायचा, हे व्यंकटराव ठरवत.

छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्या आनंदाच्या सभेत व्यंकटराव भाषण करणार होते आणि नेमका त्यांचा समोरचा दात हिरडीपाशी तुटला.

"सभेत दात टिकला तर ओटा तुझा," ते चंद्रभानला म्हणाले. "न्हाई टिकला तर बाजारात दिसू नकोस."

मूळ शाबूत होतं. त्यात बारीक खिळा रोवून वर तुटका दात बसवायचा. चिकटवायचा कशानं, एवढाच प्रश्न. चंद्रभानच्या पेटीत हैदराबादेहून आणलेलं विलायती सिमेंट होतं, आणि राळ-लाख वितळवून केलेली स्वतःची हिकमतही होती. आता ह्या माणसाला गुपचूप काही करणं माहीतच नव्हतं. त्यानं भर बाजारात परीक्षा मांडली. शेळीचा वाळका जबडा घेतला, दोन दातांच्या मुळांत दोन खिळे दोन तऱ्हांनी बसवले आणि तारेनं किराणावाल्याची वजनं टांगली. विलायती तीन शेरांना निसटलं. राळ पाच शेरांनाही हलेना.

"विलायतेला हरवलं बगा आपल्या राळंनं!" तो नाचलाच. लोकांनीही टाळ्या पिटल्या. आम्ही टाळ्यांना कधी कमी पडलो नाही.

सभेच्या दिवशी व्यंकटरावांचा दात झकास चमकत होता. भाषणाआधी चहा आला. त्यांनी बशीत ओतून वाफाळता घोट घेतला आणि दात बशीत पडला.

चंद्रभाननं पळायचं सोडून बशीत बोटं घातली आणि दात वर धरला. "बगा, खिळ्याला राळ कशी घट हाय! दगा मालकाच्या मुळानं दिलाय!"

मेंढरं राखणारी भागुबाई पुढंच बसली होती. ती म्हणाली, "आरं येड्या, त्या मेल्या शेळीला च्या पाजला व्हतास का?"

मग मात्र हसू कुणाला आवरेना. व्यंकटराव पदरासारखा रुमाल तोंडाला लावून ओरडले, "हाकला ह्याला!" ओटा एका कासाराला मिळाला.

हा गडी तरी गप्प बसावा की नाही? पुढच्या बाजारी गावाच्या वेशीबाहेर त्यानं पुन्हा तोच जबडा मांडला, दोन्ही खिळे पुन्हा बसवले आणि वरून उकळता चहा ओतला. राळेचा खिळा लगेच गळाला. विलायती जागचं हललं नाही.

"मिळालं! हेच खरं!" तो रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारू लागला. मला त्याची पहिल्यांदाच कीव आली. खरं सिमेंट पहिल्यापासून त्याच्याच पेटीत होतं. आता त्याच्यापुढं तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं.