नावेतला आडोसा

सारजाबाईंनी आयुष्यात कुणाला भिऊन काही केलं नाही, एक गोष्ट सोडून. बाजाराच्या आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर त्या पाण्याचा घोट घेत नसत. ही भीती त्यांच्या एकटीची नव्हती, गावातल्या सगळ्याच बायकांची होती. बरं, ती बुडण्याची भीती नव्हती. नाव पाण्याच्या मधोमध असताना लघवीला लागलं तर काय, एवढीच होती.

उजनी धरणाचं पाणी तुंबायला लागलं त्या सुरुवातीच्या वर्षांतली, म्हणजे एकोणऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. गावाच्या तिन्ही अंगांना पाणी आलं आणि जेऊरच्या बाजाराला जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. पूर्वी ज्या ओढ्यात बायका लुगडं घोट्याच्या वर धरून पलीकडे जात, तिथे आता कुंडलिक नावाड्याची नाव चालायची. तिचं शीड सोलापूरच्या कुठल्याशा गिरणीच्या मांजरपाटाचं, शिवून शिवून केलेलं. गिरणीचा निळा शिक्का वाऱ्याने फुगला की लांबून वाचता यायचा. वारा असला तर दीड तास. वारा पडला तर मग कुंडलिक बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "यील की." वारा कधी येईल ते तो कधीच सांगत नसे. मी तेव्हा सोलापूरहून जमिनीच्या मोजणीच्या कामावर या गावात जायचो, त्यामुळे ही नाव माझ्याही नशिबी होती.

पुरुषांचा प्रश्न सुटलेला होता. ज्याला लागेल तो उठायचा, मागच्या टोकाला जायचा आणि उभा राहायचा. त्या वेळी बायका पदर ओढून पुढे बघत. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं, पण त्या असं बघत की पुढून कुणाची तरी वरात येतेय. बायकांना स्वतःला लागलं तर मात्र काही सोय नव्हती. म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा त्यांनी शोधलेला उपाय. वांग्यांची पाटी डोक्यावर, ऊन माथ्यावर, आणि घसा कोरडा.

सारजाबाई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की बाजारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला आपला माल ओरडून विकायची गरज पडत नसे. सगळं गिऱ्हाईक आधीच तिकडे वळलेलं असे. त्या एकदा नावेतून उतरल्या आणि काठावरच पोट धरून खाली बसल्या. आम्ही त्यांना बैलगाडीतून जेऊर स्टेशनला नेलं, तिथून रेल्वेने सोलापूरला. मुतखडा निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला चार तांबे पाणी प्यायचं, लघवी आली की अडवायची नाही, आणि अडवली तर पुन्हा इथेच येऊन पडाल.

"डाक्टर," सारजाबाई म्हणाल्या, "तुमी कदी नावंत बसलाय का?"

डॉक्टर म्हणाले, नाही.

"मग तुमचं बराबर हाय," त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी मंगळवार पेठेतून एक चादर घेतली. जाड, दोन्हीकडून मोर असलेली, अस्सल सोलापुरी. सगळ्यांना वाटलं, आजारपणातून उठल्या, थंडीची सोय केली.

पुढच्या बाजारादिवशी त्या घाटावर आल्या त्या डोक्यावर पाटी, खाकेत चादर, एका हातात दोन बांबू आणि दुसऱ्या हातात भरलेला तांब्या घेऊन. नावेत वीसेक माणसं चढायची होती. त्या सगळ्यांसमोर त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. बायका बघतच राहिल्या. एखादीने भर चौकात बिडी ओढावी तसं ते दिसलं.

"कुंडलिका," त्या म्हणाल्या, "मागच्या फळीवर ह्ये बांबू हुबं कर. भवतीनं चादर बांधायची. आमाला आडोसा पायजे."

कुंडलिकाने बिडी तोंडातून काढली. "कशाला, काकू?"

"झोपाळा बांधाय."

कुंडलिकाला कळलं. त्याचा चेहरा असा झाला की जणू नावेलाच काहीतरी झालंय. "काकू, असलं काय नावंत चालत न्हाय. पानी पिऊ नका की येताना. बाकीच्या न्हाई पीत."

"बाकीच्यांच्या पोटात अजून खडा झाला न्हाय. नाव तुजी हाय, पन पोट माजं हाय. डाक्टरनं सांगितलंय, अडवायची न्हाय."

आता कोंडीबातात्या पुढे झाले. तात्या सत्तरीचे, गावातले जुने माणूस. नावेत पाय टाकण्याआधी पाण्याला बोटं लावून ती कपाळाला लावणारे. त्यांच्या शब्दावर गावातली भांडणं मिटत, आणि काही त्यांच्यामुळे सुरू होत.

"सारजे," तात्या म्हणाले, "भीमा माय हाय आपली. तिच्यात बायामानसानं असलं करायचं? इटाळ हुईल पान्याला."

"आन तुमी गेल्या बाजारी मागं हुबं राहून काय दुदाची धार सोडली व्हती का, तात्या?"

घाटावर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"गड्याचं निराळं असतंय."

"व्हय, निराळं असतंय. गडी हुबं राहत्यात, आमी बसतो. पान्याला त्यातलं काय कळतंय?"

मोठी माणसं अडली की करतात तेच तात्यांनी केलं. ते म्हणाले, "येत्या सोमवारी पारावर बैठक घीन. गाव ठरवील."

"ठरवा की. आज बाजार हाय, सोमवारी न्हाय."

कुंडलिक म्हणाला, बैठक होईपर्यंत काकूंनी नावेत बसू नये. सारजाबाईंनी ते ऐकलं, पाटी घाटावर ठेवली आणि पाटीशेजारी बसल्या. बाजार बुडत होता, वांगी उन्हात मऊ पडत होती, तरी त्या अशा बसल्या की जणू याच कामासाठी घरून निघाल्या होत्या. मग महानंदा, कुंभाराची सून, सहावा महिना लागलेली, हळूच आली आणि त्यांच्याशेजारी टेकली.

"काकू," ती म्हणाली, "मलाबी तांब्या द्या की. काल सांजपासनं तोंडाला कोरड हाय."

सारजाबाईंनी घाटावरून तांब्या भरून दिला. महानंदा प्याली. मग तिसरी आली, चौथी आली. थोड्या वेळाने नावेत पुरुष आणि दोन शेळ्या होत्या, आणि काठावर बायका, त्यांच्या पाट्या आणि एक तांब्या, हातोहात फिरणारा. बाजाराचा सगळा माल बायकांच्या पाट्यांत. पुरुष बाजाराला जाऊन करणार काय? पानच खाणार. ते कुंडलिकाला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने वर शिडाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं नाही, आणि म्हणाला, "आना त्ये बांबू हिकडं."

आडोसा झकास झाला. मागच्या टोकाला फळी पाण्यावर हातभर पुढे आलेली, तीन बाजूंनी चादर, चौथ्या बाजूला नुसतं पाणी. कुंडलिक सुकाणूचं वल्हं धरून पुढे तोंड करून बसायचा, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. अडचण निघाली ती आम्हा बाकीच्यांची.

नाव मध्यावर आली आणि सारजाबाई उठल्या. त्यांनी कुणाकडे चोरून बघितलं नाही, पदर सावरला नाही, घसा खाकरला नाही. उठल्या आणि चादरीमागे गेल्या. आता आपण किती सभ्य आहोत हे दाखवायची आम्हा पुरुषांना घाई झाली. बायका नुसतं पुढे बघायच्या. आम्हाला तेवढ्याने समाधान होईना. तात्या उठून पुढे सरकले. त्यांच्यामागे सावकार, सावकारामागे मास्तर, मास्तरांमागे मी. मागच्या टोकापासून जितकं लांब तितकी अब्रू जास्त, असा हिशोब. शेळ्याही आल्या. एवढी सभ्यता नावेच्या नाकाशी गोळा झाल्यावर नाव पुढून बसू लागली. पाणी काठाला भिडलं आणि मास्तरांचे पाय भिजले.

"मागं सरका," कुंडलिक ओरडला, "नाव नाकावर चाललीया."

कुणीही हलेना. बुडणं परवडलं, पण मागे सरकलेला म्हणून गावात नाव व्हायला नको. पाणी आत यायला लागलं तरी सावकार आकाशातल्या एका घारीचं वर्णन करत होते.

तेवढ्यात चादरीमागून आवाज आला. बाजारातला आवाज, त्याच पट्टीतला.

"आरं, बसा की आपापल्या जागंवर. चादर सोलापूरची हाय, मच्छरदानी न्हाय. मला लाज वाटंना, तुमाला कशाची वाटतीया? मास्तर, तुमी शाळंत पोरांस्नी बसा म्हंता न्हवं? बसा मग."

मास्तर बसले. एकेक करून आम्ही सगळे परतलो आणि नाव सरळ झाली. सारजाबाई बाहेर आल्या, पाण्यात हात धुतले, जागेवर बसल्या आणि महानंदेला म्हणाल्या, "जा बाई तू आता. ह्ये हाईत बसल्यालं."

बाजार झाला. वांगी थोडी स्वस्तात गेली, पण गेली.

परतीला वारा पडला. कुंडलिकाने बिडी पेटवली आणि "यील की" म्हणाला. तासभर नाव जागची हलली नाही. सकाळपासून तात्यांनी मागच्या टोकाकडे पाठ केली होती, आणि पुरुषांच्या उभं राहायच्या जागी आता आडोसा आला होता. शिवाय सत्तरीचं वय. या वयात डुलत्या नावेत उभं राहून नेम धरणं सोपं नसतं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते बूड सारखं सरकवत होते, उपरणं मुठीत धरत होते, पाण्याकडे बघत होते आणि पाणी बघून त्यांना जास्तच होत होतं.

सारजाबाईंनी बरंच बघितलं. मग म्हणाल्या, "तात्या, सोमवार लांब हाय. जाऊन या."

तात्यांनी मुठीतलं उपरणं खांद्यावर टाकलं. उठले, तोल सावरत मागे गेले आणि चादरीआड झाले. बराच वेळ गेला. मग आतून तात्यांचा आवाज आला, एरवीपेक्षा जरा मऊ.

"सारजे, हितं उटताना धरायला कायतरी पायजे गं. एक दांडी लाव की."

"लावते. पन पारावर तुमी सांगायचं, तुमी मागितली म्हनून."

"बरं," तात्या म्हणाले.

सोमवारी बैठक झाली. सगळा गाव पारावर आला होता. तात्या उभे राहिले आणि म्हणाले की आडोशाला दांडी पाहिजे, म्हाताऱ्या माणसांना उठायला त्रास होतो. इटाळाचा विषय कुणी काढला नाही. ज्यांना काढायचा होता त्यांनी तात्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पानाला चुना लावत बसले. दांडी उजव्या हाताला असावी, असं सर्वांनी मिळून ठरवलं.

"मी डावरी हाय," पाराच्या खालून सारजाबाई म्हणाल्या.

कुंडलिकाने दोन दांड्या लावल्या.