अर्लचं आडनाव

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघी मराठी मुली एका अमेरिकन आजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझी रूममेट पुण्याची, बोलघेवडी. मी तिच्या मागोमाग बसमध्ये चढणारी. ऑगस्टपासून दोघींनी मिळून कॅम्पसजवळ अपार्टमेंट घ्यायचं ठरलं होतं. सोमवारी लीजवर सह्या होत्या. मैत्रीण म्हणावी अशी इथे मला ती एकटीच, म्हणून मी तिच्याशी जपून बोलायचे.

माझ्या आजोबांनी शहरात नोकरीला लागताना जुनं आडनाव टाकून गावाचं नाव लावलं होतं. शिवाय मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे बोलण्यावरूनही कोणाला काही कळत नाही. मग लोक आधी गाव विचारतात, नंतर कुलदैवत, मग ‘तुमच्याकडे लग्नं कुठल्या पद्धतीने लागतात?’ अशा वेळी मी पाणी प्यायला उठते.

आजींना मात्र पूर्वजांबद्दल बोलायला फार आवडायचं. त्यांचं आडनाव स्कॉटलंडमधल्या एका अर्लचं, म्हणजे मोठ्या सरदाराचं. त्या घराण्याचं चिन्ह हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं. पहिल्या अर्लला राजाने अख्खं खोरं दिलं, तिसऱ्याचा शिरच्छेद झाला, पाचव्याने ऐन लढाईत बाजू बदलली, हे सगळं त्या शेजारच्या घरात घडल्यासारखं सांगायच्या. पाचव्याचा धाकटा मुलगा अमेरिकेत पळून आला आणि आपण त्याच्या वंशातल्या, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

रविवारी दुपारी स्कॉटलंडमधल्या वंशावळींच्या एका अभ्यासकाबरोबर त्यांचा व्हिडिओ कॉल होता. लॅपटॉप लावून द्यायला मी होते, केक खायला रूममेट.

अभ्यासक हळू आवाजात म्हणाला, “पाचव्याचा तो धाकटा मुलगा लहानपणीच वारला.”

“पण आडनाव तर तेच आहे!”

“त्या खोऱ्यात सगळेच ते लावायचे. जमीन कसणारे, गुराखी, चाकर. सरदाराचं नाव लावलं की त्याचा आसरा मिळायचा.”

“मग माझा माणूस कोण होता?”

“बहुतेक त्यांच्या शेतावर राबणारा.”

कॉल संपला तरी आजी स्क्रीनकडेच बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

रूममेट मराठीत म्हणाली, “बिचारी यार! आपल्याकडे पण सेमच. कोणीही गावाला ‘कर’ जोडतं, कळतच नाही कोण कुठलं ते.” मग बोटाला लागलेलं क्रीम चाटत, “बाय द वे, तुमचं मूळ आडनाव काय गं?”

तिने ते सहज विचारलं होतं. नेहमी सहजच विचारतात.

“काय म्हणतेय ती?” आजींनी विचारलं.

‘काही नाही’ म्हणता आलं असतं. पण नुकतंच सगळ्यांसमोर ज्यांचं मूळ निघालं होतं, त्यांना खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. मी इंग्रजीत म्हटलं, “माझे पूर्वज कोणाकडे राबायचे, ते विचारतेय.”

“मग?”

“सगळ्या गावाकडे. मेलेली जनावरंही तेच ओढायचे. आजोबांनी ते सोडलं, बौद्ध झाले, आडनाव बदललं.”

“तुला तुझ्या माणसाचं नाव तरी ठाऊक आहे,” आजी जवळजवळ चिडूनच म्हणाल्या.

रूममेटने बशी उचलली. “अगं, मी असंच विचारलं. मी काही मानत नाही हं!” एवढं बोलून ती वर गेली.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, “लीजचं जरा राहू देऊया का? माझी कझिन येतेय यार. आई म्हणतेय, तिच्याबरोबरच राहा.”

“ओके,” मी म्हटलं.

असेलही कझिन. तिने फोनवर फोटोसुद्धा दाखवला. दोघी कुठल्याशा लग्नात गळ्यात गळे घालून हसत होत्या. “क्यूट आहे,” मी म्हणाले, आणि त्या दोघींची नाकं, कपाळं, हनुवट्या जुळतात का ते बघत राहिले.