झाशीच्या सुविचार-फळ्यावरचा आयरिश माणूस

पुण्याहून निघालो तो झाशीला केवळ हसायला. वडिलांचे मित्र दामूकाका, रेल्वेतले निवृत्त गार्ड, यांनी फोनवर बजावलं होतं, "किल्ला नंतर बघ. आधी माझी वही ऐक आणि एकदा पोटभर हस. डोळे चाललेत रे माझे. कुणी हसलं तर वही ठेवायची, नाहीतर रद्दीत."

वहीत एका आयरिश कवी-नाटककाराची चतुर, खोचक वाक्यं होती. काकांनी वर्षानुवर्षं खपून ती मराठीत आणली होती.

सकाळी उतरलो तेव्हाच ऊन चटके देत होतं. उघड्या खडकावरचा किल्ला डोळे बारीक करून पाहिला. रिक्षा माणिक चौकाच्या गल्ल्यांत अडकली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "भैया, पैदल जल्दी पहुँचोगे." बॅग डोक्यावर घेऊन पोचलो. काकूंनी महेरी (ताकात शिजवलेलं भरड धान्य) वाढली. दुसऱ्यांदा मागून खाल्ली. काकांनी मात्र वही उघडली नाही. "इथं नाही, मंडळात ऐकवीन. चार माणसांत हसू लवकर येतं," एवढंच म्हणाले.

इथल्या मराठी मंडळाच्या दाराशी 'आजचा सुविचार' लिहायचा फळा आहे. तो लिहिण्याचं काम काकांकडे, आणि तिथंच त्यांनी आपल्या आयरिश माणसाला आणून बसवलेलं. त्या दिवशी त्याच्या वळणाचं, पण काकांचं स्वतःचंच एक वाक्य होतं: 'चूक कबूल करावी, म्हणजे पुन्हा करायला मोकळे.'

एका बाईंनी चपला काढल्या आणि फळ्याला चक्क हात जोडले. "कितना सच है, काकाजी! मी रोज उतरवून घेते, बहूला पाठवते."

त्या आत गेल्यावर काका म्हणाले, "बघितलंस? टवाळी लिहितो आणि नमस्कार घेतो. फळाच चुकला माझा."

हॉलात दहा-बारा जण होते. काका वही नाकाला लावून वाचू लागले. प्रत्येक वाक्याला माना डोलत होत्या. एक गृहस्थ डोळे मिटून "वा, गहरी बात" म्हणत होते. मी हसण्यासाठीच आलो होतो, आणि तेवढ्यामुळेच हसू फुटेना. काका वाक्य संपवून माझ्या दिशेला कान करीत. तो कान मला बघवेना. शेवटी मी मोठ्यानं हसलो.

सगळ्यांनी वळून रागानं पाहिलं. काकांनी वही मिटली.

परत निघताना स्टेशनवर त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. "खोटं हसलास. हे लोक निदान खोटं तरी हसले नाहीत कधी. घेऊन जा, माझ्या घरात नको."

गाडी हलली, मी वही घेऊन चढलो. नमस्कारही करायचा राहिला.

बबीना स्टेशन मागे पडल्यावर वही उघडली. तिसऱ्याच पानावर असा हसत सुटलो, की समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तसाच काकांना फोन लावला, वाक्य वाचायला गेलो, पण हसण्यापुढे शब्द निघेना.

काका शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुरे, बाळ. म्हाताऱ्यासाठी किती कष्ट घेशील?"

आणि फोन ठेवला. खरं हसू पहिल्यांदा आलं, तेव्हा माझी पतच उरली नव्हती.