पिठाच्या डब्यांवरून मोजलेली वस्ती

आमच्या वस्तीत कुठल्या घरात किती माणसं जेवतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. चार लोकांत हे बोलायची मला हिंमत होत नाही, वहीत लिहायला काय जातंय.

जालन्याच्या बाहेर भंगार वितळवून सळया करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या भिंतीला लागून आमची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी. मालक आणि मुलगा दोघं भट्टीवर जातात. सून बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जाते. गिरणी मी एकटी चालवते. गिरणीत बोलावं लागत नाही, मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकूही येत नाही, म्हणून मला ते काम मानवलं.

डबे ओळखायला मी त्यांच्यावर रंगानं गाव लिहिते. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि स्वतःचं सांगायची कुणाला सवय नाही. त्यामुळं डब्यांवर परतूर, अंबड, मंठा असं लिहिलेलं. बदनापूरच्या तिघी आहेत, त्यांना थोरली, मधली, धाकटी. मी स्वतः परतूरकडची. चौथीपर्यंत शिकले ते एवढ्याला पुरलं.

या डब्यांवरून मला कंपन्यांचं सगळं कळतं. सळईला मागणी असली की डबे काठोकाठ भरून येतात आणि बायका "बारीक दळ गं" म्हणून तोऱ्यात सांगतात. भट्ट्या बंद पडल्या की डब्याच्या जागी पिशवी येते, ज्वारीत रेशनचा गहू मिसळलेला असतो, आणि बारीक की जाडं हे कुणी सांगत नाही. बिहारकडची पोरं गावी निघून गेली की त्यांच्या खोलीचा गव्हाचा डबा यायचा थांबतो. पुन्हा भट्ट्या पेटल्या की सगळ्यात आधी तोच डबा येतो. मालक संध्याकाळी येऊन बातमी सांगतात, तेव्हा ती मला दुपारीच कळलेली असते.

तीन वर्षांमागं सुनेला मुलगी झाली. मुलगी वर्षाची झाल्यावर सून कामावर परत गेली. बियाण्याच्या कंपनीत लेकरू नेता येत नाही, तिथल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. मग नात माझ्याजवळ, गिरणीत. गिरणीची खोली ती केवढी. एका बाजूला डबे, दुसऱ्या बाजूला मोटार, आणि मोटारीपासून जात्यापर्यंत फिरणारा पट्टा. ती रांगायची तोवर ठीक होतं. चालायला लागल्यावर मी जुन्या लुगड्याची पट्टी काढली, एक टोक तिच्या पायाला आणि एक टोक बाजेच्या खुराला बांधलं. जनावराला बांधावं तसं. येणाऱ्या बायका बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, कारण त्यांच्याही घरी काहीबाही असंच चाललेलं होतं. कुणी लेकरू आत ठेवून बाहेरून कडी लावायची, कुणी सात वर्षांच्या पोरीवर दोन वर्षांचं टाकून जायची. अंगणवाडी होती, पण मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, आणि त्या रस्त्यानं दिवसभर सळयांचे ट्रक.

त्याच सुमारास अंगणवाडीच्या मॅडम मोजणीला आल्या. सावलीला म्हणून माझ्या गिरणीतच बसल्या. "मावशी, घरात किती माणसं, लेकरं किती, ते सांगा," म्हणाल्या.

मी काय केलं ते आज लिहिताना सुद्धा मान खाली जाते. मी म्हणाले, "आम्ही परतूरकडले. आमचं नाव गावाकडं हाय. इथलं लिहू नका."

माझ्यामागं डबे घेऊन उभ्या बायकांनीही तेच सांगितलं. हिचं नाव अंबडकडं, तिचं मंठ्याकडं. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच होतं. गावातल्या कागदावरून नाव निघतं ते माणूस मेल्यावर. इथं नाव लागलं आणि तिथलं निघालं, तर दीर म्हणणार, गेले ना तुम्ही शहरात, मग वाटा कशाचा? राहायचं इथं आणि नाव तिथं, असं आम्ही वीस वर्षं केलं होतं आणि त्यात आम्हाला शहाणपण वाटत होतं. मॅडमनी चार वेळा विचारलं आणि वही मिटून गेल्या. नवीन अंगणवाडी दुसऱ्या वस्तीला मिळाली.

मग एक दिवस पट्टीची गाठ सुटली. मी डबा उपसत होते, पाठ तिकडं होती. फरकन आवाज आला आणि वळले तर नातीच्या फ्रॉकचा घेर पट्ट्यात गेलेला. मी खटका पाडला. फ्रॉक जुना होता म्हणून फाटला, नवा असता तर तिला ओढून घेतलं असतं. ती रडली सुद्धा नाही. फाटलेली चिंधी पट्ट्यावर फिरताना बघून हसत होती.

सून आली. तिनं फ्रॉक हातात घेतला, उलटापालटा केला. म्हणाली, "आत्याबाई, मी काम सोडून देते."

मी म्हणाले, "आठ दिवस थांब."

मला स्वतःला माहीत नव्हतं की आठ दिवसांत मी काय करणार. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गिरणीला कुलूप लावलं, नातीला कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगणवाडीत गेले. मॅडम त्या दिवशी तिथं तपासणीला येतात हे माहीत होतं. दाराशी बराच वेळ उभी राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय मावशी, रस्ता चुकलात का?"

"रस्ता न्हाई. मागच्या टायमाला बोलणं चुकलं."

त्यांनी मला पाणी दिलं. मी फ्रॉकचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, सरकारचा पैसा माणसं मोजून येतो. कागदावर तुमची अख्खी वस्ती म्हणजे तुमच्या एका गल्लीएवढी पण नाही. मग अंगणवाडी कुणाला द्यायची, भिंतीला?"

"आता लिहा मंग."

"आता तुम्हीच यादी करून आणा. साहेब तपासायला येतील. एक जरी खोटं निघालं तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका."

मी निघता निघता दारातून परत फिरले. "गावाकडचं नाव निघंल का?"

"रेशनचं नाही निघणार, मतदानाचं नाही, शेताचं तर बिलकुल नाही. हे रजिस्टर निराळं असतं. गावातल्या तुमच्या एका अक्षराला धक्का लागणार नाही." हे त्या मागच्या वेळेलाही बोलल्या असतील. तेव्हा आम्ही ऐकायलाच तयार नव्हतो.

घरोघर फिरणं माझ्यानं झालं नसतं. पण वस्तीला पीठ तर माझ्याकडूनच न्यायचं होतं. मी वही गल्ल्यावर ठेवली आणि ठरवलं, घरातल्या सगळ्यांची नावं सांगितल्याशिवाय डबा द्यायचा नाही.

पहिली आली ती बदनापूरची थोरली. वस्तीत सगळ्यात वयस्कर, आणि तिचं तोंड असं की कंपनीचा मुकादम सुद्धा रस्ता बदलतो. ती म्हणाली, "आज लेकराचं नाव लिहिशील, उद्या माझा सातबारा मागशील. तुला कुणी पढवलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुमच्या सातबाऱ्यावर तीन दीर आन् सात पुतणे बसलेत. मला कुठं जागा हाय?"

मागच्या बायका हसल्या. थोरलीनं सगळ्यांकडं एकदा रोखून बघितलं. "गिरणीवालीला तोंड हाय म्हणा की," असं म्हणाली आणि स्टुलावर बसली. "लिही. पण मालकाचं नाव मी घेणार न्हाई. पन्नास वर्षांत घेतलं न्हाई."

आता आली का पंचाईत. नाव कुणीच घेणार नव्हतं. तेव्हा बदनापूरच्या धाकटीनं तोड काढली. "मी हिच्या मालकाचं सांगते, हिनं तिच्या मालकाचं सांगावं, तिनं माझ्या."

मग जो गोंधळ झाला, त्यात मशीनचा आवाज कमी पडला. शेजारणीनं एक नाव सांगितलं की जिचा नवरा ती जोरात मान हलवायची.

"ते न्हाई, ते तर दिराचं."

"मंग तुझ्या मालकाला काय म्हणून हाक मारतेत?"

"ड्रायव्हर."

"हे नाव हाय का?"

"मी वीस वर्षं ड्रायव्हरच म्हणत आले."

एकीनं नवऱ्याचं नाव हळूच माझ्या कानात सांगितलं आणि पदर तोंडावर घेऊन पळाली, डबा तिथंच राहिला. बिहारकडच्या एका नव्या सुनेला आम्ही काय करतोय ते कळलं, तेव्हा तीही हसत सुटली. तिच्याकडंही नाव घेत नाहीत म्हणे. आठवा दिवस उजाडला तेव्हा वहीत सगळी वस्ती होती. अवघड नावं मी चुकीची लिहिली असतील, पण माणूस एकही सुटला नाही. सुनेला वही दाखवली. तिनं शेवटपर्यंत पानं उलटली आणि म्हणाली, "मंग मी अजून थांबते."

पंधरा दिवसांनी साहेब आले. बरोबर मॅडम आणि एक शिपाई. वेळ दुपारची तीनची. साहेब पहिल्या गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले आणि थांबले. दारांना कुलपं. पुरुष पाळीवर, बाया बियाण्याच्या कंपनीत नाही तर दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला.

साहेब म्हणाले, "यादीत एवढी माणसं आणि वस्तीत सगळी कुलपं. मॅडम, ही यादी कुणी केली?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. घरी असलेल्या पाचसहा बाया गोळा झाल्या होत्या, त्या सगळ्या जमिनीकडं बघायला लागल्या. नात माझ्या कडेवर होती आणि माझ्या कानातलं ओढत होती. आत्ता गप्प बसले तर हिला परत बाजेला बांधायचं, एवढंच डोक्यात होतं.

"मी केली," मी म्हणाले. "साहेब, जरा गिरणीत चला."

ते आले. भिंतीला तीन फळ्या, त्यावर दळून ठेवलेले आणि दळायचे डबे. मी म्हणाले, "ज्या घरात माणूस न्हाई त्या घराला पीठ कशाला लागंल? तुम्ही कुठल्याबी डब्यावर बोट ठेवा."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी मधल्या फळीवरचा एक डबा दाखवला.

"अंबडवाली. नवरा-बायको, सासू, दोन लेकरं. मोठं तीन वर्षांचं, लहान अजून पाजतं. सासूला दात न्हाईत, म्हणून हिचं दळण बारीक."

साहेबांनी यादी बघितली. दुसरा डबा दाखवला. मी सांगितलं. तिसरा खालच्या फळीवरचा, मुद्दाम वाकून शोधलेला. "ही एकच खोली, चार पोरं, बिहारकडली. लेकरू न्हाई. एक रातपाळीवाला आत्ता झोपलेला असंल. त्याला उठवलं तर शिव्या देईल, मला बोल लावू नका."

साहेबांनी शिपायाला पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "साहेब, होता. शिव्या दिल्या."

मॅडम तोंडाला रुमाल लावून हसल्या. साहेबही हसले, पण पेन अजून खिशातच होतं. तेवढ्यात चारचा भोंगा झाला आणि साहेब बाहेर आले. कंपनीचं मोठं दार उघडलं आणि पाळी सुटली. लाल मातीनं आणि काजळीनं माखलेली माणसं, डोक्याला फडकी बांधलेली, हातात जेवणाचे डबे, शंभर-दीडशे एकदम वस्तीच्या तोंडातून आत शिरली. साहेबांना गिरणीच्या पायरीवर चढून उभं राहावं लागलं, नाही तर ते मागं ढकलले गेले असते. दारांची कुलपं एकामागून एक निघाली. लेकरं बाहेर पडली, कुठं चूल पेटली, कुठं नळावर भांडण सुरू झालं. बियाण्याच्या कंपनीतल्या बाया आल्या, त्यांच्यात माझी सून.

मग साहेबांनी पेन काढलं, माझी वही गल्ल्यावर ठेवून तिच्या पानापानावर सही केली. जाताना म्हणाले, "मावशी, कितवी शिकलात?"

"चौथी."

"बास झालं," ते म्हणाले.

मंजुरी यायला मधे बरेच महिने गेले. त्या महिन्यांत आम्ही घरच्या चौघांनी पाळ्या बदलून, खाडे करून, कसंबसं नातीला सांभाळलं. थोरली सुद्धा तिला दोन तास घेऊन बसायची आणि वर मलाच ऐकवायची, "तुझी यादी अजून दळती का काय?" मग एका सकाळी मॅडम कागद घेऊन आल्या. वस्तीतलीच एक रिकामी खोली भाड्यानं ठरली. आम्ही बायांनी ती शेणानं सारवली, मधलीनं दारापुढं रांगोळी काढली. वजनकाटा आला, पाटी आली, खिचडीचं पातेलं आलं.

पहिल्या दिवशी लेकरं इतकी आली की दारात चपलांचा ढीग झाला. नातीचा हात धरून मी तिला नेलं. वाटलं होतं, ती माझा पदर धरून रडेल आणि मला परत आणावं लागेल. तिनं आत बघितलं, माझा हात सोडला आणि खेळण्यांतली लाल बादली दुसरं कुणी घ्यायच्या आत जाऊन धरली. मी हाक मारली तर वळली सुद्धा नाही. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

गिरणीत आले, खटका वर केला. पट्टा फिरायला लागला. त्या दुपारी मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. आठ डबे दळले. उन्हं कलायच्या आत बदनापूरची थोरली पीठ परत घेऊन आली आणि म्हणाली, "हे काय दळलं गं, भरडा हाय नुसता. लक्ष कुठं होतं तुझं?"

मी मोटार बंद केली. अंगणवाडीतून लेकरांचं गाणं येत होतं, बेसूर, आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता ते मला लगेच ओळखू आलं.

"बसा मावशी," मी म्हणाले, "परत दळून देते."