पाट उलटा आहे तोवर

दर तीन आठवड्यांनी बुधवारी पाच-सहा तास एकाच खुर्चीत, हाताला सुई लावून बसवलं, की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. रिपोर्टच्या फायली आणि किस्से. फायली मी कपाटावर टाकल्यात. किस्से मात्र कुणी भेटलं की बाहेर पडतात, त्याला माझा इलाज नाही!

आमची बुधवारची बॅच म्हणजे केमोच्या डे-केअरमधल्या खिडकीजवळच्या तीन खुर्च्या. एकीवर मी, ऐरोलीच्या बॅक-ऑफिसमध्ये टीम लीडर, वय बेचाळीस, डोक्यावर विग. दुसरीवर कांबळे सर, मूळचे परभणीकडचे, गणिताचे रिटायर्ड शिक्षक, आता करंजाडेला मुलाकडे. तिसरीवर यमुनामावशी, उरणकडच्या, चाळीस वर्षं मासळीबाजारात बसलेल्या. आणि तिघांवर राज्य जेसी सिस्टरचं. मूळ केरळचं, पण वाढल्या वाशीत, त्यामुळे ओरडतात अस्सल मराठीत.

तिघांच्या गाठी वेगळ्या, पण उपचाराची तऱ्हा एकच. केमो आणि सोबत अँटिबॉडी.

*

अँटिबॉडीचा पहिला डोस हळूहळू देतात, कारण कुणाकुणाला थंडी वाजून ताप येतो. कांबळे सरांना आलाच. तीन ब्लँकेटांखाली दात कडकड वाजतायत, सिस्टर इंजेक्शन भरतायत, मी आणि मावशी घाबरून बघतोय.

आतून आवाज आला, "सि-सिस्टर, तुम्ही नव्वद मिनिटं म्हणालात. पंपाच्या ह्या स्पीडने शं-शंभर होतात."

ताप उतरल्यावर सिस्टरनी मोबाइलवर भागाकार केला. शंभरच! "अंगात एकशे दोन ताप आणि गणित बरोबर," त्या म्हणाल्या. "सर, तुमच्या विद्यार्थ्यांचं मला फार वाईट वाटतं."

*

एकदा डॉक्टर राउंडला आले. सरांनी त्यांना अडवलंच. दोन औषधं कशाला? एकात भागत नाही का?

डॉक्टर बिचारे चांगले. म्हणाले, केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात आपल्या चांगल्या पेशीही जातात. अँटिबॉडी मात्र गाठीच्या पेशीवरची खूण ओळखते आणि तिलाच जाऊन चिकटते.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे केमो हाय जालं. आलं ते सगलं घेतं, चांगलं-वायट बगत नाय. न् ही दुसरी हाय गल. पायजेल तोच मासा लागतो."

"मग नुसता गळच टाका ना," सर म्हणाले. "जाळ्यापायी आमचे केस गेले!"

"सर, एकेक मासा गलाला लावत बसलं तं खाडी कदी रिकामी व्हायची?"

डॉक्टर खूश. पुढच्या पेशंटला त्यांनी हेच जाळं आणि हाच गळ समजावला. ते गृहस्थ निघाले कट्टर शाकाहारी. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, भाजीपाल्यातलं काही उदाहरण नाही का?"

*

अँटिबॉडीची बाटली आम्ही बाहेरून आणायचो. थंड हवी, पण गोठली की फुकट. सर त्यासाठी ऑनलाइन मागवलेली मेडिकल बॅग वापरत. मावशी आल्या मासळीचं थर्माकोलचं खोकं डोक्यावर घेऊन!

झाकण उघडताच अख्ख्या वॉर्डात बांगड्याचा वास. सिस्टरनी कपाळावर हात मारला. "मावशी, अहो, बर्फात ठेवलंत? गोठलं असेल ते!"

मावशींनी शांतपणे एकेक थर बाजूला केला. खाली बर्फ, वर तागाचं फडकं, त्यावर केळीचं पान, त्यावर स्टीलच्या डब्यात बाटली. सिस्टरनी थर्मामीटर घातला. चार डिग्री! हवं तेवढंच.

"चाळीस वरसं मासली विकते मी," मावशी म्हणाल्या. "थंड कुटं संपतं न् गोठनं कुटं सुरू होतं, ते मना शिकवता?"

पुढच्या वेळी कांबळे सरही मासळीचंच थर्माकोलचं खोकं घेऊन हजर. म्हणे करंजाडेपासून बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

*

मी ऑफिसात आजाराबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. दर तिसऱ्या बुधवारी 'वर्क फ्रॉम होम'. एकदा मॅनेजरचा कॉल चालू असताना माझा पंप वाजायला लागला. टीं, टीं, टीं.

"गाडी रिव्हर्स घेताय का?"

"हो, पार्किंग चाललंय," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने पुन्हा टीं, टीं. "अजून पार्किंगच?"

शेजारून कांबळे सर फोनकडे वाकले आणि म्हणाले, "साहेब, नवी मुंबईत पार्किंगचा प्रश्न फार बिकट झालाय हो!"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सगळं खरं सांगून टाकलं. सांगताना रडले. तो हळूच म्हणाला, "ते पार्किंगवाले काका कसे आहेत आता?"

*

केमोने तोंडाची चव जाते. सरांना भाकरीही लोखंडाची लागायची. केमोच्या दुसऱ्या दिवशी तर ते पलंगावरून उठतच नसत, पाण्याचा घोटही पोटात ठरत नसे. आम्हीसुद्धा त्या दिवशी त्यांना फोन करायचा नाही, असा नियमच होता.

मावशींचं दुखणं वेगळं. त्यांच्या बाजारात एक रीत आहे. बाई आजारी पडली की तिचा बसायचा पाट तिच्या जागेवर उलटा घालून ठेवायचा. पाट उलटा आहे तोवर जागा तिची, दुसरी कुणी बसत नाही. बाई गेलीच, तर सगळ्याजणी मिळून पाट घरी पोचवतात.

मावशींचा पाट पाच महिने उलटा होता. केमोच्या सहाव्या सायकलनंतर त्यांचा स्कॅन होता. गाठी आटल्या असतील तर केमो बंद, नुसती अँटिबॉडी चालू, आणि बाजारात बसायला मोकळीक. नसतील तर औषधं बदलून पुन्हा पहिल्यापासून. एरवी सगळ्यांना हसवणारी ही बाई त्या दिवसांत मला म्हणाली, "बाय, त्या पाटाचं सपान पडतं गं. चौघी उचलून आनतान दारात." मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार?

सरांनी मात्र घसा साफ केला. "मावशी, पाट सुलटा झाला की मला काय खायला घालणार, ते आधी ठरवा."

"जिताडा! खाडीतला पयला जिताडा तुमचा!"

"लोखंडाचा लागेल."

"लागू दे. खायाला तं या!"

*

रिपोर्टच्या बुधवारी मी आणि सर सुया लावून खुर्चीत, आणि मावशी फाइल घेऊन वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे. "खाली येऊन सांगते," म्हणून गेल्या.

एक तास झाला. दोन झाले. फोन लावला, तर बंद. सरांनी पेपरातलं कोडं सोडवायला घेतलं आणि चौकोन नुसतेच काळे करत बसले. मी सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पेशंटची बातमी पेशंट देईल." त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! आमच्या सुया निघाल्या, संध्याकाळ झाली, मावशी काही आल्या नाहीत. रिक्षात बसताना सर एवढंच म्हणाले, "फोन बंद आहे म्हणजे काहीही असू शकतं, मॅडम." त्यांना मी इतकं गचाळ गणित करताना कधी पाहिलं नव्हतं.

रात्रभर मला त्या चार बायकाच दिसत होत्या.

सकाळी साडेसहाला आमच्या बॅचच्या ग्रुपवर मावशींचा फोटो आला. खाली एक अक्षर नाही. फोटोत ओल्या फरशीवर एक लाकडी पाट. सुलटा. त्याच्यावर खवले चिकटलेले. म्हणजे बाई आम्हाला विसरून डॉक्टरांकडून थेट बाजारात!

मी डोळे पुसून काही लिहिणार, तेवढ्यात कांबळे सरांचा मेसेज येऊन पडला.

"जिताडा बाजूला काढून ठेवा. बसमध्ये बसलोय."