स्थळं बघणारे पर्यावरणाचे सर

कोल्हापूर जिल्ह्यात धूर, वास किंवा सांडपाणी सोडणारी अशी एकही जागा नसेल, जिथं आमच्या पर्यावरणाच्या सरांनी चहा घेतलेला नाही. साखर कारखाने, फाउंड्र्या, कापड रंगवायचे कारखाने, नगरपालिकांचे कचरा डेपो, सगळीकडे त्यांची ऊठबस. एका बाजूला कललेली स्कूटर, तिच्यावर त्याच बाजूला कललेले सर, आणि कुठल्याही कारखान्यात शिरताना पहिला प्रश्न, "मागचा नाला कुठाय?" साहेब हात पुढे करून केबिनकडे बोलवायचे आणि सर हुंगत हुंगत मागच्या कुंपणाकडे चालू लागायचे. त्यांचं म्हणणं, "पुढचं दार पावण्यांसाठी रंगवत्यात. घर बघायचं तर आधी मोरी बघाय पायजे." हा नियम त्यांना पर्यावरणशास्त्रात नाही, लग्नं जमवताना सापडला होता. सर त्यांच्या भावकीतले नावाजलेले मध्यस्थ होते. बिद्रीपासून कुरुंदवाडपर्यंत कुणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे आणि त्याची आई स्वभावाने कशी आहे, हे त्यांना तोंडपाठ. पुढे पहिल्या वर्षाच्या पोरांना सुट्टीत इंटर्नशिपला पाठवायचं काम अंगावर आलं, तेव्हा त्यांनी नवी पद्धत शोधायचा त्रासच घेतला नाही. त्यांच्या मते इंटर्नशिप आणि लग्न यांत फरक एवढाच, की इंटर्नशिपला बँड नसतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या कॉलेजात हा विषय नवाकोरा होता. तो घेऊन पुढे काय करायचं हे वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, इकडे कसे आलात? एक म्हणाला, शेजारच्या वर्गातल्या जागा संपल्या होत्या. दुसऱ्याला फौजदार व्हायचं होतं आणि तोवर कुठेतरी सावलीत बसायचं होतं. मी खरं ते सांगितलं, की कॉलेज एसटी स्टँडजवळ आहे आणि कागलची गाडी पटकन मिळते. दुसरे कुणी सर असते तर डोक्याला हात लावून बसले असते. हे खुलले. "ब्येस झालं," ते म्हणाले. "ठरवून आलेल्यांची समजूत काढण्यात लई वेळ जातोय. आता ऐका. ह्या विषयात नोकऱ्या हाईत. फकस्त अजून त्या देणाऱ्यांना म्हाईत न्हाय."

मग देणाऱ्यांना माहीत करून द्यायला सर निघायचे. कारखान्याच्या साहेबाला ते विद्यार्थ्याची ओळख अशी करून देत, "पोरगा निर्व्यसनी हाय, उंच हाय, टाकीवर चढतोय, उलट बोलत न्हाय. आवाज तेवढा बारीक हाय, पर तुमच्या मशिनीपुढं कुणाचा ऐकू येतोय?" मुलांनीही जागा बघायची, प्रश्न विचारायचे आणि मगच होकार द्यायचा, अशी त्यांची सक्त ताकीद होती. जेवायला कुठे बसवतात, मागच्या वर्षीच्या पोराला नुसता चहा आणायला लावला की कामही शिकवलं, परतीची शेवटची गाडी कितीची, हे सगळं आधी काढायचं. "मी पत्रिका बघत न्हाय," सर म्हणायचे, "एसटीचं टायमिंग बघतो." तरी एखादं स्थळ फसायचंच. कुत्र्यांना घाबरणाऱ्या एका मुलाला त्यांनी मोठ्या हौसेनं कचरा डेपोवर दिलं. तो पहिला आठवडा कचऱ्याच्या ट्रकच्या टपावरच राहिला. पण त्याने वरूनच डेपोचा इतका सुंदर नकाशा काढला, की सरांनी तो वर्गात लावला आणि आपण हे आधीच ओळखलं होतं असं सगळ्यांना सांगून टाकलं. आणि मुलं कामावर गेली की आठव्या दिवशी सर हजर. नव्या नवरीला माहेरी न्यायला मुराळी जातो तसे, हातात फरसाणचा पुडा घेऊन. पुडा टेबलावर ठेवत, साहेबांच्या देखत विचारायचे, "सासरी बरं हाय न्हवं?" पोरं लाजेनं जमिनीत गाडून घ्यायला जागा शोधायची.

माझी अडचण वेगळी होती. घरी तीन म्हशी आणि थोडा ऊस, आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला कॉलेजात घातलं होतं ते एका वर्षाच्या बोलीवर. "सुट्टी लागली की स्थळं बघायची," हे त्यांनी फी भरतानाच सांगितलं होतं. मला शिकायचं होतं, आणि ते आबांसमोर म्हणायची छाती नव्हती. त्यात आबांच्या कानावर आलं की पोरीचे सरच लग्नं जमवतात. एका रविवारी ते दुधाची किटली घेऊन थेट सरांच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. मी दारातच उभी राहिले. घर चांगलं पाहिजे, माणसं चांगली पाहिजेत, लांब नको, आबांनी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. "देतो की पावणं," ते म्हणाले. "मे म्हैन्यात चांगलं स्थळ आणतो, माझा शब्द. पर तवर पोरीला एका ठिकाणी ट्रेनिंग करू द्या. घरात बसून काय करणार?" शब्द मिळाला म्हणताना आबा खूश झाले. मी मात्र रात्रभर सरांवर जळफळत होते.

आम्हाला ते घेऊन गेले एका मोठ्या दूध प्रकल्पात, जिथं सांडपाणी शुद्ध करून, तपासून मगच बाहेर सोडतात. आबांनी आल्या आल्या दुधाची फॅट कशी लावता यावरून वाद सुरू केला. सरांनी त्यांना दंडाला धरून मागे नेलं. मागच्या बाजूला छोटी प्रयोगशाळा होती आणि पांढरा कोट घातलेल्या एक मॅडम बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघत होत्या. दारात एक भरघोस मिशांचा धिप्पाड गडी येऊन उभा राहिला. "मॅडम, सोडू का पाणी?" मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "थांबा." तो थांबला. त्याच्या शेजारी आबाही थांबले, का ते त्यांनाच माहीत. बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या, "हं." आणि तो गडी व्हॉल्व्ह उघडायला पळाला.

परतताना आम्ही तिघं स्कूटरवर, आबा मधे. उड्डाणपुलावर आबा सरांच्या कानाशी ओरडले, "ती बाई हं म्हणल्याबिगर पाणी सोडत न्हाईत व्हय?"

"न्हाय," सर ओरडले. "मालक आला तरी न्हाय."

घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, "जाऊ दे तिला सोमवारपासनं."

मला ते काम आवडलं, अगदी वासासकट. पण मे महिन्यात दिलेल्या शब्दाप्रमाणे सरांनी स्थळही आणलं. मुलगा सोसायटीत सेक्रेटरी, घर पक्कं, माणसं जवळची. सर लबाडी करतील तर शपथ. ठरलेल्या दिवशी नमुने तपासता तपासता मला उशीर झाला, गाडी चुकली, आणि मी घरी पोचले तेव्हा पाहुण्यांचे पोहे संपत आले होते. अंगाला आंबलेल्या ताकाचा वास. मुलाच्या आईने पदर नाकाला लावला. "कामावर हुती," सर अभिमानाने म्हणाले, "इचारा तिला, आज पाण्यात काय सापडलं." कुणी विचारलं नाही. मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली आणि आबांना सांगितलं, पोरगी पसंत आहे, पण हे कॉलेज न् काम आता बंद करायला लागेल. पुढच्या गुरुवारी सुपारी फोडू.

सगळे आबांकडे बघायला लागले. सर तेवढे छताच्या पंख्याकडे बघत होते. त्यांनी आयुष्यात जमवलेली लग्नं कधी मोडली नव्हती, आणि त्यांच्या पोह्यांचा चमचा हवेतच राहिला होता.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "तिला इचारा की," ते म्हणाले. "ती हं म्हणली, तर सोडू."

मी म्हणाले, "मी अजून शिकतो आबा." एवढंच. पाहुणे उठले. मध्यस्थ म्हणून सरांची भावकीत छी-थू झाली ती झालीच. पण पाहुण्यांची जीप वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी आईकडे अजून एक बशी पोहे मागितले आणि लिंबूही पिळून घेतलं.

पुढे माझं लग्न झालं, सवडीनं झालं, आणि ते आपण जमवलं नाही याची खंत सरांना अजून आहे. मी तशाच एका प्रयोगशाळेत लागले आणि आता तिथली प्रमुख आहे. दर वर्षी सुट्टीच्या आधी सरांचा फोन यायचा, "पोरगी चांगली हाय, तुझ्याकडं जागा हाय का?" आणि आठव्या दिवशी फरसाण घेऊन ते स्वतः. मग ते निवृत्त झाले. फोन बंद झाले. स्कूटर विकली म्हणे. आबाही गेले.

परवा दुपारी दारात बघते तर सर. एसटीने आलेले, घामाघूम, हातात पुडा. मी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "सर, या वर्षी कुणासाठी आलात?"

"कुणासाठी न्हाय गं," ते म्हणाले. "तू बरी हाईस न्हवं, तेवढं बघाय आलतो."

तेवढ्यात ऑपरेटर दारात आला. "मॅडम, सोडू का?" हातातला नमुना मी खिडकीशी धरला, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे काही नीट दिसेना. म्हणून डोळे पुसून पुन्हा पाहिला. ऑपरेटर थांबला होता. चहाचा कप तसाच हातात धरून सरही थांबले होते.

"हं," मी म्हणाले.

मग सरांनी चहाचा पहिला घोट घेतला.