आधी उत्तर, मग दुरुस्ती

लग्न होऊन मी साताऱ्याहून तंजावूरला आले तेव्हा मला ना तमिळ येत होतं, ना इंग्रजी. सासर मराठी खरं, पण त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि वर तमिळ हेल. जेवायला बसलं तरी अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून जाई. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली आणि वर्गात तोंडच उघडेना. शाळेतल्या बाईंनी भेटायला बोलावलं, आणि बोलणं व्हायचं इंग्रजीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा सासरे म्हणाले, "अंबुजाबाईंकडे जा गे. त्या शिकवतील."

किराणा दुकानाच्या माडीवर अंबुजाबाईंचा मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग भरे, आजही भरतो. मी उभी राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत कसंबसं म्हटलं, माझी मुलगी शाळेत बोलत नाही. वाक्य पार चुकलं होतं. बाईंनी चूक काढली नाही. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "मग घरी कोणाशी बोलते?" मी आजोबांबद्दल, अंगणातल्या मांजराबद्दल सांगत सुटले. माझं सांगून झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हळूच नीट करून दिलं.

हीच त्यांची पद्धत. आधी उत्तर, मग दुरुस्ती. ती त्यांनी कुठल्या कॉलेजात घेतली नाही. बाई स्वतः तमिळ माध्यमात शिकलेल्या आणि उमेदीची वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचं इंग्रजी ऐकलं, तेच त्यांचं शिक्षण. त्या सांगतात, "घाबरलेला माणूस फोनवर चुकतोच. त्याला लाईन जोडून द्यावी, व्याकरण मागून पाहावं."

बाई मायाळू आहेत, पण भिडस्त मुळीच नाहीत. पापनाशमहून येणाऱ्या एका सुनेचा वर्ग सासूबाईंनी बंद केला. बाई बसने थेट त्यांच्या घरी गेल्या, कॉफी प्यायल्या आणि पुढच्या आठवड्यात त्या सासूबाईच सुनेबरोबर वर्गात हजर झाल्या. आता सून कामात अडकली तरी सासूबाईंचा खाडा होत नाही.

बाईंच्या बोलावण्यावरून मीही काही वर्षांपासून त्यांच्या हाताखाली शिकवते. गेल्या वर्षी मात्र बाईंचं ऐकणं फार कमी झालं. ऐकण्याचं मशीन लावूनही हळू बोललेलं कळेना. एके दिवशी वर्गाआधी त्या मला म्हणाल्या, "पोदुम गे, पुरे आता. मज ऐकूं येत नाही, मी उत्तर काय देऊं? आज सगळ्यांस सांगून टाकतें." मला रडू आलं. बाईंशिवाय तो वर्ग मला चालवता आला नसता, आणि चालवायचाही नव्हता.

त्या दिवशी सेल्वीची बोलायची पाळी होती. सेल्वी एका हॉटेलात खोल्या झाडायची आणि इतकं हळू बोलायची, की शेजारणीलाही ऐकू जाऊ नये. ती काहीतरी पुटपुटली. बाईंनी कानामागे हात धरला. सेल्वी पुढे येऊन पुन्हा बोलली. बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडणार, तोच सेल्वी अशी कडाडली की खालचा दुकानदार जिन्यात आला. "मला रिसेप्शनला बसायचं आहे." इंग्रजी वाक्यात दोन ढळढळीत चुका होत्या.

बाई म्हणाल्या, "कधीपासून?"

सेल्वीने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. चुका मग सावकाश दुरुस्त झाल्या. शेवटी मी बाईंकडे पाहिलं, तर त्या खडू डबीत ठेवत म्हणाल्या, "सरी, बरं तर. उद्यां सगळ्यांनी असंच बोलायचं." वर्ग बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सेल्वी आता त्याच हॉटेलात रिसेप्शनला बसते. आमच्या वर्गात हल्ली लाजणारं कुणी फार दिवस टिकत नाही, कारण कुजबुजलेलं बाईंना ऐकूच येत नाही.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या अंबुजाबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे त्यांना रोज माडीवर चढू देवोत. कानांची काळजी त्यांनी करू नये. आम्ही मोठ्याने बोलू.